दोनशे मोटारसायकली आणि तेवीस मुलांची शाळा

वाचकाचे पत्र

मी पुण्यात राहतो. वय ४२. आमचा मोटारसायकलस्वारांचा एक गट आहे आणि दर वर्षी १५ ऑगस्टला आम्ही भोर तालुक्यातल्या, नीरा देवघर धरणाच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत मदत घेऊन जातो. शाळेचा पट २३ आहे. गेल्या वर्षी ६० गाड्या होत्या आणि प्रत्येकी ७०० रुपये घेतले होते. त्यांतून टी-शर्टवर १६,८००, नाश्त्यावर ६,६००, ड्रोन व व्हिडिओवर ६,००० आणि फलक-स्टिकरवर १,६०० रुपये खर्च झाले. उरलेल्या ११,००० रुपयांच्या वह्या व दप्तरे आम्ही शाळेला दिली. परतताना एक नवखा मुलगा वळणावर घसरला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले, आणि पुढे गेलेल्यांना ते चहाच्या थांब्यावर पोहोचल्यावर कळले. आवाजाबद्दल गावातल्या काही जणांनी नाराजी दाखवली. यंदा २०० गाड्या न्यायचे ठरते आहे आणि संयोजनाची जबाबदारी माझ्यावर येते आहे. पत्नीचा विरोध आहे. मी शंका काढली की मित्र म्हणतात, ‘चांगल्या कामात खोडा घालू नकोस.’ मी काय करावे?

— एक वाचक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

दोनशे गाड्यांचा एकत्र ताफा नेण्याची जबाबदारी तुम्ही घेऊ नये, आणि शाळेला मदत करणे थांबवूही नये, असे माझे मत आहे. या दोन गोष्टी तुमच्या गटात एकमेकींना इतक्या चिकटल्या आहेत की राइडबद्दल काढलेली शंका ही शाळेबद्दलची अनास्था ठरते आणि मित्रांना ‘खोडा’ हा शब्द सहज सापडतो. त्या वेगळ्या केल्या, तर तुमची अडचण बरीच हलकी होईल.

आधी रस्त्याचा विचार करू, कारण तिथे एक हाड मोडून झालेले आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते, आणि पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे हा कोरड्या रस्त्यावरचा सर्वमान्य नियम आहे. सरळ महामार्गावर अनुभवी गट एकाआड एक, डावी-उजवी अशी रचना करून हे अंतर तिरप्या शेजाऱ्यापुरते एका सेकंदावर आणतात. तरीही २०० गाड्यांची रांग तीन किलोमीटरच्या पुढे जाते. घाटातल्या वळणांवर ही रचना चालत नाही, कारण वळण घेताना प्रत्येकाला आपल्या मार्गिकेची पूर्ण रुंदी मोकळी लागते. तिथे एकामागे एक जावे लागते आणि रांग साडेसहा किलोमीटरच्या घरात पोहोचते. ऑगस्टच्या पावसात, निसरड्या रस्त्यावर, अंतर याहूनही वाढवायला हवे. आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एवढी लांब रांग कोणीच राखत नाही. मागे पडू या भीतीने माणसे अंतर कमी करत जातात, आणि मग दोनशे जण एकत्र असल्याचे जे समाधान वाटते, ते सुरक्षित अंतर मोडूनच मिळवलेले असते.

रांगेच्या शेपटाकडे आणखी एक प्रकार घडतो, आणि तुमच्या त्या नवख्या मुलाच्या बाबतीत तोच घडला असण्याची शक्यता मला वाटते. वळण दिसताच सर्वांत पुढचा स्वार वेग कमी करतो व वळण संपताच वाढवतो. त्याच्या मागचा थोड्या उशिराने तसेच करतो, त्याच्या मागचा आणखी उशिराने. हा उशीर साठत साठत मागे जातो. परिणामी पुढचा माणूस ४० च्या वेगाने निवांत चालला असताना शेवटचे वीस-पंचवीस जण, तुटलेले अंतर भरून काढण्यासाठी, त्याच रस्त्यावर ६०-७० ने धावत असतात. त्यातच नवख्यांना ‘तू आरामात मागून ये’ असे सांगण्याची पद्धत आहे, म्हणजे सर्वांत कमी अनुभवाची माणसे सर्वांत जास्त वेगाच्या जागी बसवली जातात. नवख्याची जागा प्रमुख स्वाराच्या लगेच मागे असते, हे अनेक जुन्या स्वारांनाही ठाऊक नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या वाहनावर चूक सुधारायला फारशी जागा मिळत नाही, हे तुमच्या गटातल्या प्रत्येकाला मनातून माहीत असते. गर्दीत मात्र ते विसरायला होते.

तुमचा मार्ग आणि दिवस या दोन्हींची निवडही विचार करण्यासारखी आहे. १५ ऑगस्टला पुण्याहून दक्षिणेकडे निघणाऱ्या सहलीच्या गाड्यांनी खेड शिवापूरचा टोल नाका तुंबलेला असतो. कापूरहोळ फाट्यावरून भोरकडे वळल्यावर रस्ता अरुंद होतो, आणि भोरच्या पुढे तोच रस्ता वरंधा घाटाकडे जाणारा असल्याने पावसाळी पर्यटकांची वर्दळ त्यावरच असते. परतीच्या वाटेवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांमुळे तिथे किती अपघात झाले आहेत, ते पुणेकराला सांगायला नको. दिवसभर भिजलेली, दमलेली, संध्याकाळच्या अंधारात घरच्या ओढीने निघालेली दोनशे माणसे त्या उतारावर एकत्र आणणे मला धाडसाचे वाटते, आणि हा शब्द मी कौतुकाने वापरत नाही.

संयोजक म्हणून तुमच्यावर काय येते, तेही स्पष्ट पाहावे. फ्लूरोसेंट जॅकेट घालून चौकात आडवी मोटारसायकल लावणाऱ्या आणि ताफा जाईपर्यंत इतरांना थांबवणाऱ्या तुमच्या मार्शलला वाहतूक अडवण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नसतो. तो अधिकार पोलिसांचा आहे. ताफ्यातली गाडी सिग्नल लाल झाल्यावर पुढे गेली, तर ‘आम्ही एकत्र होतो’ हा बचाव होऊ शकत नाही. दोनशे गाड्या एका ठिकाणावरून जायला, सारे सुरळीत असतानाही, तीन ते सात मिनिटे लागतात, आणि आडबाजूच्या रस्त्यावरून भोरच्या रुग्णालयाकडे निघालेल्या कुणासाठी ती मिनिटे थोडी नसतात. नोंदणी करताना ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ असा कागद सगळे गट भरून घेतात. संयोजकाचा निष्काळजीपणा दिसून आला, तर त्या कागदाने तो झाकला जाईल अशा भ्रमात राहू नये. आणि ज्यांच्या गाडीचा केवळ थर्ड पार्टी विमा आहे, त्यांच्या मागे बसलेल्या व्यक्तीला भरपाई मिळण्याचा प्रश्न वादात अडकू शकतो. पत्नीचा किंवा मुलाचा हौसेने सहभाग असलेल्या राइडमध्ये हा मुद्दा कुणीतरी आधी मांडायला हवा.

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुमचा हिशेबच पुरेसा बोलका आहे. गेल्या वर्षी जमलेल्या ४२,००० रुपयांपैकी ११,००० शाळेला मिळाले, म्हणजे रुपयातले सव्वीस पैसे. यंदा २०० गाड्या जाऊन-येऊन सुमारे १६० किलोमीटर चालल्या आणि लिटरला सरासरी ३५ किलोमीटरचा हिशेब धरला, तर नऊशे लिटरहून अधिक पेट्रोल जळेल. आजच्या भावाने ही रक्कम ९० हजारांच्या पुढे जाते. येथे मला तुमच्या मित्रांची बाजूही मांडली पाहिजे. ‘हे पेट्रोलचे पैसे शाळेलाच द्या’ असे म्हणणारे लोक विसरतात की राइड नसती, तर ते पैसे शाळेकडे गेलेच नसते. माणसे फिरायला पेट्रोल जाळतातच, आणि फिरता फिरता थोडे देतात यात वावगे काही नाही. एरवी कधी खिशात हात न घालणारा माणूस सोबतीच्या उत्साहात देऊन जातो, हा अशा राइडचा खरा गुण आहे. माझा आक्षेप पेट्रोलला नसून टी-शर्ट, नाश्ता आणि ड्रोनचे पैसे ‘देणगी’ या नावाखाली गोळा करण्याला आहे. राइडचे शुल्क वेगळे घ्यावे, शाळेची देणगी वेगळी घ्यावी, आणि दुसरीतला एक रुपयाही पहिलीकडे जाऊ नये.

आता शाळेकडे येऊ. तुमच्या पत्रात मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा २३ हा आहे. तेवीस मुलांच्या शाळेत दोनशे गाड्या, म्हणजे मागे बसणारे धरून अडीचशे-तीनशे प्रौढ माणसे, एका सकाळी येऊन उतरणार. त्या शाळेत स्वच्छतागृहे किती आहेत आणि पाणी किती साठवलेले असते, याचा विचार बैठकीत झाला आहे का? गाड्या लावायला जागा एकच असते, ती म्हणजे खेळाचे मैदान. ऑगस्टमध्ये भिजून मऊ झालेल्या त्या मैदानावरून दोनशे जोड चाके दोनदा फिरली की चिखलाच्या सऱ्या पडतात, त्या पाऊस उघडेपर्यंत तशाच राहतात, आणि मुलांचे खेळणे बंद होते. ध्वजवंदन सकाळीच उरकलेले असते. पाहुणे खेड शिवापूरला अडकल्यामुळे उशिरा येतात, आणि तोपर्यंत मुले गणवेशात, स्वागतगीताच्या तयारीत, ओल्या व्हरांड्यात बसून राहतात. राष्ट्रीय सणाची उरलेली सुट्टी त्यांची असते, हे आपण विसरतो.

वह्या-दप्तरांचेही तसेच आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके शासनाकडून मोफत मिळतात, शाळा जूनच्या मध्यात सुरू झालेली असते, आणि रस्त्याजवळच्या शाळांना वह्या देणारे तुमच्यासारखे गट एकापेक्षा अधिक असतात. गैरसोय असते ती वेगळ्याच गोष्टींची. गळके छत, तुंबलेले स्वच्छतागृह, बिघडलेला जलशुद्धीकरण संच, थकलेल्या बिलामुळे तोडलेली वीज आणि तिच्याअभावी बंद पडलेला संगणक, पाचवीनंतर दूरच्या शाळेत जायला साधन नसणे. या गोष्टी मोटारसायकलच्या मागच्या सीटला बांधून नेता येत नाहीत आणि त्यांचा फोटोही चांगला येत नाही, म्हणून त्या राइडच्या यादीत क्वचित दिसतात. फोटोंचा विषय निघालाच आहे, तर एक विनंती करतो. हातात दप्तर धरून हसणाऱ्या मुलाचे छायाचित्र पालकांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका. आपल्या मुलाचे तसे छायाचित्र अनोळखी माणसाने टाकलेले आपल्याला चालले नसते.

गावाची आवाजाबद्दलची नाराजी तुम्ही एका वाक्यात उरकली आहे, पण ती रास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. मूळ सायलेन्सर काढून बसवलेले फटाक्यासारखे आवाज करणारे सायलेन्सर तर कुठेच कायद्यात बसत नाहीत. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतीलच. गोठ्यातली जनावरे बिथरणे, तान्ही मुले दचकून उठणे, आजारी माणसाला त्रास होणे हे सगळे गावकरी पाहुण्यांसमोर बोलून दाखवत नाहीत. काही जणांनी तरीही बोलून दाखवले, त्या अर्थी त्रास बराच झाला असणार.

तुमचे मित्र कदाचित विचारतील की जगभर अशा राइड होतात, मग आपल्यातच काय वाईट आहे. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात २०१२ साली सुरू झालेल्या ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’चे उदाहरण द्या. जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींवर सूट-टाय घालून निघणारी ही राइड आता पुण्यासह भारतातल्या अनेक शहरांतही होते. पुरुषांचे मानसिक आरोग्य आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांवरच्या कामासाठी तिच्यातून निधी उभा राहतो. तिथे प्रत्येक स्वार आपल्या नातेवाइकांकडून आणि परिचितांकडून इंटरनेटवर आधीच देणग्या मिळवतो, आणि त्या थेट त्या कामासाठी जमा होतात. राइड शहरातल्या शहरात, कमी वेगाने होते. पाऊस आला, निम्मे लोक आले नाहीत, तरी जमलेला निधी कमी होत नाही. गर्दीचे आणि रस्ता अडण्याचे प्रश्न तिथेही असतात, पण कुणाच्या दारात जाऊन उपकार मोजून द्यायचे नसल्यामुळे निम्मे दोष आपोआप टळतात.

तुमच्या गटासाठी मी सुचवेन ते असे. राइड ठेवायचीच असेल, तर ती शाळेपर्यंत नेऊ नका आणि एका ताफ्याने नेऊ नका. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसे चालतात, पण ती एका घोळक्याने चालत नाहीत. रथापुढे आणि रथामागे क्रमांक लावलेल्या दिंड्या असतात, प्रत्येक दिंडीची आपली माणसे, आपली राहुटी, आपला स्वयंपाक असतो, आणि म्हणूनच तो सोहळा निभतो. तुम्हीही आठ-आठ गाड्यांचे गट करा. प्रत्येक गटाला पुढे एक जाणता स्वार आणि शेवटी एक, जो कुणालाही मागे टाकून पुढे जाणार नाही, असे दोन जण नेमा. या शेवटच्या माणसाकडे प्रथमोपचाराची पेटी आणि सर्वांच्या घरचे दूरध्वनी क्रमांक असावेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला नेमके कुठे बोलवायचे ते सांगता यावे, म्हणून वाटेतली गावे त्याला पाठ असावीत. गट वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सोडा आणि चहाचे थांबे वेगवेगळे ठेवा. कोणत्याही चौकात कुणालाही अडवू नका. सिग्नलला गट तुटला तर तुटू द्या, पुढे ठरलेल्या ठिकाणी तो पुन्हा जुळेल. चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे, हे मोटार वाहन कायद्यातच आहे, त्यामुळे त्यावर बैठकीत मतदान घेण्याचे कारण नाही. बदललेला सायलेन्सर असलेली गाडी नोंदणीच्या वेळीच परत पाठवा. अशा राइडला रक्तदानाची जोड देण्याचीही पद्धत आहे. ती चांगली आहे, पण शिबिर राइडच्या दिवशी ठेवू नये, कारण रक्तदान करून लगेच घाटात दुचाकी चालवणे शहाणपणाचे नाही.

एवढे सगळे सांभाळायचे, तर यंदा दोनशे गाड्या होणार नाहीत. चाळीस होतील, आणि त्या पुरेशा आहेत. दुसरे म्हणजे दिवस बदला. १५ ऑगस्टऐवजी दिवाळीनंतरचा एखादा रविवार घेतला, तर रस्ता कोरडा असतो आणि शाळेच्या ध्वजवंदनात आपली लुडबुड होत नाही.

शाळेचा पैसा गोळा करताना तो गटाच्या एखाद्या सदस्याच्या खात्यावर घेऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा जमवणाऱ्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते. ते तुमच्या गटाला जमणारे नसेल, तर शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत देणगी द्यावी. त्या संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची, म्हणजे ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी मान्यता असेल, तर जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या देणगीदाराला वजावटही मिळते. रोखीने २,००० रुपयांहून अधिक दिलेल्या देणगीला मात्र ती मिळत नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे. खर्च झाल्यावर बिलांच्या प्रती गटात सर्वांना पाठवा. पुढच्या वर्षी कुणी न सांगता रक्कम वाढलेली दिसेल.

मित्रांशी बोलताना ‘राइड नको’ असे वाक्य तुम्ही उच्चारूच नका. ‘शाळेचे काम मी पाहतो, ताफ्याचे पाहणार नाही’ एवढेच सांगा आणि त्यावर ठाम राहा. ज्यांना दोनशेचा आकडा हवा आहे, त्यांच्यापैकी कुणीतरी मग संयोजक म्हणून अर्जावर सही करायला पुढे यावे, अशी सरळ विनंती करा. अशा वेळी आकडा बहुधा आपोआप खाली येतो. कुणी पुढे आलेच, तर वरच्या अटी त्याला लेखी द्या आणि तुम्ही त्या दिवशी स्वार म्हणूनही जाऊ नका. पत्नीच्या विरोधाला तुम्ही पत्रात कारण दिलेले नाही. मोडलेल्या हाडाची बातमी त्यांनी ऐकली असेल, तर कारण विचारण्याचीही गरज नाही, पण वरचा आराखडा बैठकीत मांडण्याआधी त्यांना वाचून दाखवावा. गटाबाहेरच्या माणसाला त्यातली भोके लवकर दिसतात.

आणि हे सारे करण्यापूर्वी, याच आठवड्यात, एखाद्या कामाच्या दिवशी एकटेच, साध्या कपड्यांत शाळेत जाऊन या. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन-तीन पालकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती शाळेत असतेच आणि तिच्यात पालक बहुसंख्येने असतात. त्यांना काय हवे आहे ते विचारा, गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाबद्दल मोकळेपणाने बोलू द्या, आणि यंदा पाहुणे आले नाहीत तरी मदत येईल असे आधीच सांगून टाका, म्हणजे ते संकोच न करता बोलतील. त्यांची यादी त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. तुमच्या गटाच्या बैठकीत गाड्यांच्या संख्येचा विषय निघण्याआधी ती सर्वांना वाचून दाखवता येईल.